माळवदावरची माती

मृग लागायच्या आत माळवदावर माती पडली पाहिजे, हा मराठवाड्यातल्या घराघरांचा नेम होता. वैशाखात गाढवांच्या पाठीवर गोण्या लादून ओढ्याकाठची खारी माती गावात यायची. शिडीवरून पाट्या वर जायच्या. एक जण माती पसरायचा, दुसरा ती चोपून बसवायचा, आणि उतार पन्हाळीकडे धरला जायचा. गेल्या पावसाळ्यात जिथं टिपकलं होतं, तिथं दोन पाट्या जास्त पडायच्या. वरचं वाळलेलं गवत उपटून काढत, पण जुनी माती कुणी काढत नसे. तिच्यावरच नवी बसायची. आज्यानं घातलेल्या थरावर बापाचा थर, बापाच्या थरावर मुलाचा. छप्पर गळू नये एवढाच त्यामागचा हेतू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या पाटीभर मातीपासून करावी लागते.

नगरहून बीडकडे जाताना आष्टीच्या अलीकडे कडा हे गाव लागतं. हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. सह्याद्रीनं अडवून उरलेला पाऊस इथं येतो, तोही लहर लागली तर. एवढ्या कमी पावसाच्या मुलखात कोकणासारखं उतरतं छप्पर कशाला हवं? सपाट माळवद इथं शहाणपणाचं होतं. उन्हाळ्यात त्याच्याखाली गारवा, थंडीत ऊब. वर धान्य वाळायचं, मिरच्या, कुरडया, शेवया वाळायच्या, आणि चैत्र-वैशाखाच्या रात्री सगळं घर वर जाऊन झोपायचं. कड्यापासून किल्लारीपर्यंत, बीड, उस्मानाबाद, लातूर, सगळीकडे बांधणीची रीत थोड्याफार फरकानं सारखीच. दोन फूट किंवा त्याहून जाड दगडी भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलच्या, मग पाला किंवा तुराट्या, त्यावर मातीचा गारा, आणि सगळ्यात वर खारी माती. उजेडासाठी मध्ये साणं. पाऊस आला की त्याच्यावर पत्रा किंवा फरशी ओढायची. घराची मोजणी खणांवर, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागांवर, व्हायची. सात खणांचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला त्या घराची ऐपत कळायची.

खारीच माती का, याचं उत्तर गावात सगळ्यांना अनुभवानं ठाऊक होतं. काळी माती माळवदावर चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि पुढचं पाणी त्या भेगेतून थेट चुलीवर येतं. खाऱ्या, चोपण मातीत सोडियमचं प्रमाण जास्त असतं. पाणी पडलं की तिच्यातले चिकणमातीचे बारीक कण एकमेकांपासून सुटतात, पसरतात आणि वरच्या थरातली छिद्रं बुजवून टाकतात. थर वरून मिटतो. पाणी खाली न मुरता पन्हाळीवाटे वाहून जातं. शेतात हाच गुण घात करतो. चोपण रानात पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळं पडतं. अशा रानात कृषी खातं जिप्सम टाकायला सांगतं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवून त्याची जागा घेतं, सुटे झालेले कण पुन्हा गुठळी धरतात आणि जमीन मोकळी होते. जी माती रानात उघडावी म्हणून शेतकरी पैसे मोजतो, ती घरावर मात्र मिटलेलीच हवी असते.

जिप्समची याच्या अगदी उलट बाजूही आहे. इराकसारख्या कोरड्या देशांत कित्येक ठिकाणी जमिनीतले कण जिप्समनंच सांधलेले असतात. कोरडी असेपर्यंत ती जमीन दगडासारखी वागते, कितीही ओझं पेलते. पाणी पोहोचलं की सांधा विरघळतो आणि जमीन वरच्या ओझ्यासकट एकदम खाली बसते. टायग्रिस नदीवरचं मोसुलचं धरण अशाच जिप्समच्या थरांवर उभं आहे. १९८६ मध्ये ते सुरू झालं, आणि तेव्हापासून पायाखाली विरघळून पडणाऱ्या पोकळ्यांत सिमेंटचं मिश्रण भरत राहावं लागतं. ते काम थांबवून चालत नाही.

आपल्या बेसाल्टच्या मुलखात असे जिप्समचे जाड थर नाहीत. पण कोरडेपणानं आलेलं बळ पाण्यासोबत जातं, हा मातीचा स्वभाव इथंही तोच. ओलसर मातीच्या दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. ओल्या वाळूत मुलं खोपा करतात तो याच ओढीवर उभा राहतो. माती वाळत जाते तसे चिकणमातीचे कण मोठ्या कणांमध्ये बारीक पूल बांधतात आणि ते पूल कडक होतात. भिंत टणक वाटते. पण छिद्रं पाण्यानं पुरती भरली की ओढ संपते, पूल मऊ पडतात, आणि काल ज्या मातीवर कुदळ टणत्कारत होती ती आज बोटानं खरवडता येते.

मराठवाड्यातल्या भिंतींचं सगळं बळ या मातीवर होतं. बाहेरून पाहिलं तर काळा दगड, आत मात्र दगडाच्या दोन वेगवेगळ्या रांगा, एक बाहेरच्या तोंडाची आणि एक आतल्या. मधल्या पोकळीत लहान दगड आणि मातीचा गारा. दोन्ही रांगांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड क्वचितच घातलेला. चुना श्रीमंताच्या वाड्याला. बाकी गाव गाऱ्यावर. माळवदाची कड फुटली, पन्हाळ तुंबली, की पाणी भिंतीच्या पोटात उतरायचं. आतला गारा फुगायचा, मऊ व्हायचा, खाली सरकायचा, आणि बाहेरची रांग पुढे यायची. ‘भिंतीला पोट सुटलं’ असं त्याला म्हणत. पोट सुटलेली भिंत पुढच्या झडीत बसली तर नवल नसे. ‘घर बसलं’ हा आमच्या बोलीतला शब्द पडझडीसाठी इतका अचूक आहे की त्याहून नेमका शब्द अभियांत्रिकीच्या पुस्तकातही सापडायचा नाही. मातीचं घर आधी बसतं.

हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, म्हणूनच पाण्याचा धाक मोठा होता. पाणी भिंतीत उतरू द्यायचं नाही म्हणून छपरावर माती, आणि छप्पर जड झालं म्हणून भिंती जाड. त्या मुलखात कुणी मूर्खपणा करत नव्हतं, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. दर वर्षी पाऊस येणार हे नक्की होतं आणि त्याच्यावरचा उपाय हाताशी होता. जो धोका येतो आहे असं कुणीच, सरकारनंही, सांगितलं नव्हतं त्याचा हिशेब गवंडी कसा करणार?

तो हिशेब मांडून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली. तिच्या माळवदावर साचत साचत दोन फूट माती झाली, आणि भूकंपानंतर पाहणी करणाऱ्यांना त्याहून जाड थरही मिळाले. ही झाली दोनशे घनफूट माती. एका घनफुटाला अठ्ठेचाळीस किलोच्या आसपास धरलं तर साडेनऊ टनांच्या वर वजन जातं. पावसाळ्याच्या शेवटी ती ओल धरून असते, तेव्हा आणखी टनभर तरी वाढतं. एका लहानशा खोलीत झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर भरलेला ट्रक उभा होता.

हा ट्रक खांबांवर उभा असेपर्यंत तोलून धरलेला होता. जुन्या खणांच्या घरांत तुळया खांबांवर टेकायच्या. भिंत पडली तरी लाकडी सांगाडा उभा राहण्याची आशा असे. लाकूड महागलं तसं अनेक घरांत, विशेषतः गरिबांच्या, तुळईचं एक टोक किंवा दोन्ही टोकं थेट भिंतीवर टेकवली जाऊ लागली. खांब वाचले, पण छपराचा सगळा भार त्या गाऱ्याच्या भिंतींवर आला.

ऑगस्ट १९९२ पासून किल्लारीच्या परिसरात जमीन हादरू लागली. त्यातला १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का मोठा होता. भिंतींना चिरा गेल्या, गावात घबराट पसरली. मग धक्के विरळ झाले. देशाच्या भूकंपाच्या नकाशावर हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे हलायचं नाही असा खडक, ही समजूत शाळेच्या पुस्तकापासून मंत्रालयापर्यंत एकच होती. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानं तिला तडा दिला होता. पण त्याचं खापर धरणावर फोडून उरलेलं पठार निर्धास्त राहिलं. १९९२ च्या धक्क्यांनी पडलेल्या चिरा लिंपल्या गेल्या. आणि १९९३ च्या उन्हाळ्यात, नेहमीप्रमाणे, माळवदांवर माती चढली.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगाव विसर्जनाच्या मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या. दमलेली माणसं घरी येऊन झोपली. पावसाळा अजून सरला नव्हता, त्यामुळे उन्हाळ्यासारखं माळवदावर किंवा अंगणात झोपण्याचे ते दिवस नव्हते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगाच्या हिशेबानं हा मध्यम भूकंप; केंद्र मात्र जमिनीखाली अगदी थोड्या खोलीवर होतं. कंप थोड्याच सेकंदांचा. तेवढ्यात किल्लारी, मंगरूळ, सास्तूर, तळणी, होळी, पेठसांगवी, राजेगाव अशी गावं मातीच्या ढिगाऱ्यांत मिटली.

घरं कशी पडली, हे नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवून ठेवलं आहे. भिंतीच्या दोन रांगा एकमेकींपासून सुटल्या. बाहेरची बाहेर पडली, आतली आत. मधला गारा धुळीसारखा ओघळला. आधार गेल्यावर तुळया खाली आल्या आणि त्यांच्यामागून सगळं माळवद. भारतातल्या दगडी घरांच्या भूकंपसुरक्षेवर आयुष्य घातलेले प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारखे तज्ज्ञ ज्या दोन गोष्टींबद्दल बजावत असत, आरपार दगडाचा अभाव आणि छपराचं वजन, त्या दोन्ही इथं एका घरात भेटल्या होत्या. खांबांनी तोलून धरलेली काही माळवदं भिंती पडूनही तशीच उभी राहिली. अशा घरांतली माणसं वाचली. एकाच गल्लीत एका घरातलं सगळं कुटुंब जिवंत आणि शेजारी कुणीच नाही, असंही झालं.

मरणाची तऱ्हाही मातीनंच ठरवली. काँक्रीटची इमारत पडते तेव्हा स्लॅबच्या कोपऱ्यांत पोकळ्या उरतात, त्यात माणसं तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस जगतात. सुटी माती पोकळी ठेवत नाही. ती पाण्यासारखी भरत जाते, नाकातोंडात शिरते. त्यामुळे पहिल्या काही तासांत जे निघाले तेच बहुतेक निघाले. ते काढले शेजाऱ्यांनी, हातांनी, टोपल्यांनी, परातींनी. लष्कर आलं, स्वयंसेवी संस्था आल्या, राज्यभरातून मदतीचे ट्रक आले. त्यातच पाऊस आला. ढिगाऱ्यांचा चिखल झाला, आणि जी माती पाणी अडवायला आणली होती तीच पाणी पिऊन दुप्पट जड झाल्यासारखी वाटू लागली. लाकूडफाटा पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळया आणि किलच्याच चितांना लागल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ७ हजार ९२८ माणसं गेली, जखमी सोळा हजारांच्या घरात.

भूकंप का झाला यावर पुढं बराच वाद झाला. जवळच्या निम्न तेरणा धरणातल्या पाण्याचा काही संबंध होता का, हाही त्यातलाच एक प्रश्न. तो भूगर्भशास्त्रज्ञांकडे सोडू. गावकऱ्यांचा निकाल तेव्हाच लागला होता: दगड आणि माती. ज्यांनी आपल्या माणसांना मातीतून ओढून काढलं, त्यांना पुन्हा दगडमातीच्या घरात झोपा म्हणण्याचा अधिकार कुणाला होता? शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते, लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी. जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिलेला पुनर्वसनाचा कार्यक्रम तोवर देशानं पाहिलेल्या अशा कामांत फार मोठा होता. पुरती उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. भूमिहीनाला सर्वांत लहान, मोठ्या शेतकऱ्याला सर्वांत मोठं. जुन्या गावातल्या अरुंद बोळांच्या, एकमेकांना टेकलेल्या घरांच्या जागी रुंद, सरळ, उघडे रस्ते आले. भिंत पडली तर रस्त्यात पळायला जागा असावी, हा त्यामागचा हेतू चुकीचा म्हणता येत नाही. पण गल्लीची सावली गेली, ओट्यावरून ओट्यावर चालणारं बोलणं गेलं, आणि शेत लांब पडलं.

मला या साऱ्या इतिहासात अधिक महत्त्वाचा वाटतो तो कार्यक्रमाचा दुसरा, कमी बोलला गेलेला भाग. तेरा जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटी जागच्या जागी करायची होती. ही कामं पाहिली तर काय चुकलं होतं ते बोट ठेवून दाखवता येतं. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही रांगा एकत्र बांधल्या जातात. दरवाजे-खिडक्यांच्या वर घराला चहूबाजूंनी पट्टा फिरवायचा. खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरक्या लाकडी आडण्या ठोकायच्या. आणि सगळ्यात आधी, माळवदावर चढून जादा माती खाली उतरवायची. उरलेल्या पातळ थराखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे पाणी अडवण्याचं काम कागद करील आणि मातीला फक्त ऊन अडवायचं उरेल. पाच-सहा पिढ्यांनी मातीचा भार वाढवून जो प्रश्न सोडवला होता, तो काही रुपयांच्या कागदानं भार न वाढवता सुटत होता.

पण भीतीपुढं हा उपाय फार ठिकाणी टिकला नाही. ज्याच्याकडे पैसे आले त्यानं स्लॅब टाकला. ज्याच्याकडे नव्हते त्यानं पत्रा. लातूर, उस्मानाबादच नव्हे, बीडमध्येही पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावांचं रूप पत्र्यानं बदलून गेलं. पत्रा डोक्यावर पडला तरी माणूस बहुधा वाचतो, हे खरं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली तान्हं मूल निजवून पाहिलेल्या आईला विचारा, त्या सुरक्षिततेची किंमत काय पडते. शास्त्रज्ञांनी नकाशाही बदलला. २००२ च्या भारतीय मानकात भूकंपाचा पहिला पट्टा रद्दच झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्यात गेला.

राहिलेल्या माळवदांचं आणि गढ्यांचं काय झालं, ते प्रत्येक जोराच्या पावसाळ्यात दिसतं. गावची जागा म्हणजे पांढरी आणि शेत म्हणजे काळी, हे आपलं जुनं बोलणं. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली की राख, शेण, चुना, पडक्या भिंतींचा गाळ मिळून तिथली माती पांढुरकी होते. पाटलांच्या, देशमुखांच्या गढ्या याच पांढरीच्या मातीत चढवलेल्या. पन्नास-पन्नास फूट उंचीचे बुरूज मातीचे, आणि तरीही शतकभर उभे. कारण त्यांच्या माथ्यावर पाणी साचू द्यायचं नाही, पायाशी साचू द्यायचं नाही, दरसाल लिंपायचं, हे कुणीतरी पाहत होतं. वतनं गेली, वारसदार शहरात गेले, लिंपण थांबलं. वरून एक चीर पडते, तिच्यातून पाणी उतरतं, आतली माती ओली होऊन फुगते, आणि एखाद्या रात्री सततच्या झडीनंतर बुरुजाचं अख्खं अंग धप्पकन खाली येतं. पायथ्याशी एखाद्याचं खोपट असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यानं बीड जिल्ह्यातल्या नद्या-ओढ्यांना कित्येकांनी आयुष्यात न पाहिलेले पूर आणले. कमी पावसाचा म्हणून सांगितला जाणारा आष्टी तालुकाही सुटला नाही. त्या पावसात पिकं आणि जमिनी वाहून गेल्याचं पुष्कळ छापून आलं. मातीच्या भिंती कुठं आणि किती बसल्या, हे मात्र पंचनाम्याच्या कागदात ‘अंशतः पडझड’ या दोन शब्दांत मावतं.

कड्याच्या बाजूला अजूनही एखादं जुनं माळवद दिसतं. बहुतेकांवर पत्र्याचं दुसरं छप्पर चढलेलं असतं, खाली माती तशीच. पाणी लागत नाही म्हणून ते टिकतं, वजन मात्र कमी झालेलं नसतं. कुणी घर पाडून नवं बांधायला काढलं की ट्रॅक्टर लागतात. भिंतींमधली पांढरीची माती शेतकरी मागून नेतात, कारण ती खतासारखी लागू पडते. एका पिढीची भिंत दुसऱ्या पिढीच्या ज्वारीत जाते. माळवदावरच्या खाऱ्या मातीला मात्र कुणी रानात घेत नाही. ती गावाबाहेर, रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात रिकामी होते, आणि पहिल्या पावसात तिच्यावर पाणी साचून राहतं. खाली मुरत नाही.